तेरावी पिन

एचडीएमआयच्या तोंडात एकोणीस पिना असतात.
काही चित्र वाहतात, काही आवाज,
तेरावी नुसती बोलते.
हे मी काकूंना ओरडून सांगितलं,
कारण त्यांना ओरडूनच सांगावं लागतं.
"तेरावी? दुसरा आकडा नव्हता का जी?
घरात बिमार माणूस हाये."

साकोलीच्या बुडालेल्या सायबर कॅफेतून
अकराशेला उचललेलं खोकं
मी काटेखाये मास्तरांच्या खाटेखाली सरकवलं,
धानाच्या कट्ट्याला टेकून.
मास्तरांचे हात चार वर्षांपासून थरथरतात.
रिमोटचं एक बटण दाबायला जावं तर तीन दाबली जातात:
चॅनेल भोजपुरी, आवाज शंभर,
आणि तो शंभराचा आवाज
काकू सोडून सगळ्या गल्लीला ऐकू येतो.

पहिले आठ दिवस कॉम्प्युटर मुका.
पिन होती, तिच्यामागे तारच जोडली नव्हती कंपनीनं.
नागपूरहून डबी मागवली, काड्यापेटीएवढी.
एसटीनं आली, कंडक्टरनं खिडकीतूनच हातात दिली.
ती मध्ये बसवली
आणि दोघांची बोलाचाली पाहत बसलो, आकड्यांतली.
कॉम्प्युटर आधी विचारतो, या जागेवर कोणी आहे का?
उत्तर नाही आलं की तिथं बसतो,
आपण सीटवर रुमाल नाही बघून बसतो तसा.
टीव्हीचा पत्ता शून्य. कायमचा.
शून्याला म्हणायचं, ऊठ.
शून्य उठतो.

बंद पडलेल्या भातगिरणीचं लाल बटण, वाटीएवढं,
खाटेच्या माचव्याला ठोकलं.
मास्तरांनी अख्खा पंजा टाकला त्याच्यावर.
टीव्ही उजळला.
"तो वापस बोलते का?"
बोलतो म्हटलं. तिकडून रिमोटनं बंद केला
तर इकडं कळवतो, झोपलो म्हणून.
"मंग एक बारका लाइट लाव उशाशी.
त्यानं कळवलं का विझला पायजे."
मला वाटलं, शाळेतला माणूस, पोच लागते.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पंखा बघायला गेलो
आणि सहज नोंदी उघडल्या.
दोन दहा, चालू. दोन अकरा, बंद.
तीन चाळीस, चालू. तीन एक्केचाळीस, बंद.
रोज रात्री. महिनाभर. चॅनेल एकही नाही.
लूज पिन, मी म्हटलं, पेचकस काढला.
मास्तरांची मान हलत होती, नाही म्हणत होते
का कंपच होता तो, कळेना.
वाकून कान नेला तेव्हा ऐकू आलं,
"राहू दे. बिघाड नोहे तो."

आतल्या खोलीत काकूंची खाट, दाराकडं तोंड करून.
मास्तरांचा आवाज उंबऱ्यापर्यंतच जातो हल्ली,
पुढं गेला तरी कोणाच्या कामाचा?
उजेड मात्र जातो. चौकटीवर निळा पडतो.
त्या उठतात, उशाखालचा रिमोट दाबतात,
इकडं बारका लाइट विझतो.
पाणी. कूस. गोधडी.

एकच नोंद वेगळी होती.
दोन वीस, चालू. तीन सात, बंद.
बोट ठेवून दाखवलं काकूंना,
चष्मा वर करून त्यांनी पाहिली.
"त्या रात्री बंदच नाही केला मी.
त्या निळ्या उजेडात यायची नखं काढली."
मग आपल्याशीच बोलल्यासारखं,
"रात्री काढू नये म्हणते.
पण दिवसा हात थांबतच नाही न यायचा,
त्या टायमाले थांबला होता."

सत्तेचाळीस मिनिटं, मी म्हणालो.
हळूच म्हणालो असेन.
"का?"
त्या म्हणाल्या, कानाला हात लावून.